शेवटचे एकदा पैसे दिले तर तो थांबेल का?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय ते थोडक्यात असं. वय २६. इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाच्या खात्याशी चार दिवस बोलणं झालं, मग व्हिडिओ कॉल झाला. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत त्याच कॉलचं रेकॉर्डिंग आलं आणि सोबत फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट. त्यात मोठ्या बहिणीच्या आणि ऑफिसातल्या वरिष्ठांच्या नावाभोवती लाल गोल काढलेला. दोनदा पैसे देऊन झाले. आता तिसरी मागणी आहे, मुदत आज रात्री दहाची. "हे शेवटचं, यानंतर सगळं डिलीट करतो" असं समोरच्याने लिहून दिलंय. तर प्रश्न तीन: देऊन टाकू का? खातं डिलीट केलं तर सुटेन का? आणि बहिणीपर्यंत गेलंच तर तिच्यासमोर उभा कसा राहू?

तुमचा तिसरा प्रश्न मी शेवटी घेते. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, पण आधी रात्री दहाचं बघू.

त्याआधी एक विचारते. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, म्हणून वेगळं वाटून घेऊ नका. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात येतोय का? येत असेल तर पुढचं वाचणं थांबवा आणि शेजारच्या खोलीत जे कोणी असेल त्यांच्याजवळ जाऊन बसा. काही सांगितलं नाही तरी चालेल, एकटं राहू नका. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. हे मी उगाच विचारत नाही. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या दीड वर्षातला हिशेब अमेरिकेच्या एफबीआयने मांडला, तेव्हा अल्पवयीन मुलांना पैशांसाठी असं छळल्याच्या १३,००० हून जास्त तक्रारी निघाल्या. बळी पडलेल्यांत बहुतेक मुलगे होते आणि किमान २० जणांनी आत्महत्या केली होती. हा प्रकार काही दिवसांत ओसरतो, आणि त्या मुलांना नेमकं तेवढंच कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला ते सुरुवातीलाच सांगते.

गेली काही वर्षं मी ऑनलाइन धमक्यांमध्ये अडकलेल्या लोकांसोबत काम करते. पुरावे गोळा करून देणं, तक्रार लिहून देणं, आणि अनेकदा नुसतं रात्रभर फोनवर सोबत राहणं. त्या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. समोरच्या माणसाच्या हातातलं मुख्य हत्यार तो व्हिडिओ नसतो. हत्यारं दोन असतात, घड्याळ आणि यादी. "दहा वाजेपर्यंत" हे शब्द काढून टाकले आणि बहिणीच्या नावाभोवतीचा गोल पुसला, तर तुम्ही शांत डोक्याने विचार करू शकला असता, कोणाला तरी विचारलं असतं. तसं होऊ नये म्हणूनच मुदत दिलेली असते. विचार करायला सवड मिळालेला माणूस बहुधा पैसे देत नाही.

आता पहिला प्रश्न. नाही, देऊ नका. त्याचं कारण नीट समजून घ्या. नुसतं "देऊ नका" ऐकून रात्री पावणेदहाला हात थांबत नाही.

तुमच्यासमोर एक माणूस आहे आणि त्याचा तुमच्यावर काही राग आहे, असं तुम्हाला वाटतंय. बहुतेक वेळा तसं नसतं. जुलै २०२४ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने, नायजेरियातून चालणारी, याच धंद्यातली सुमारे ६३,००० इन्स्टाग्राम खाती बंद केली. त्यांतली जवळपास २,५०० खाती साधारण २० जणांच्या एकाच टोळीची होती, म्हणजे माणशी सव्वाशे. त्याच वेळी फेसबुकवरचे काही हजार ग्रुपही काढले गेले, ज्यांत लोकांना कसं फसवायचं याचे धडे आणि तयार संवाद विकले जात होते. तुम्हाला आलेली धमकी, तो लाल गोल, "तुझं आयुष्य बरबाद करीन" हे वाक्य, यातलं काहीही तुमच्यासाठी खास लिहिलेलं नाही. ते एका मजकुरातून उचलून एकाच वेळी अनेकांना चिकटवलं जातं. अशा माणसाच्या दृष्टीने गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं, देणारं आणि न देणारं. दोनदा पैसे दिल्यामुळे तुमचं नाव पहिल्या यादीत गेलं आहे. तिसऱ्यांदा दिलेत तर ते त्या यादीत आणखी वर जाईल. त्याने लिहून दिलेल्या वचनाला काहीच अर्थ नाही, कारण डिलीट केल्याचा पुरावा देताच येत नाही. फाइल डिलीट करतानाचा व्हिडिओ तो तुम्हाला पाठवील आणि दुसरी प्रत तशीच ठेवील.

"आज नाही, उद्या देतो" असं सांगून वेळ काढणारे बरेच जण मला भेटले. त्यामागची अगतिकता मला कळते, पण त्यातून समोरच्याला एवढंच समजतं की पैसे आहेत, थोडं आणखी पिळलं तर निघतील. विनवण्या, रडणं, आईच्या आजारपणाचं सांगणं, उलट "पोलिसांत जातो" म्हणून दम देणं, या सगळ्यांचा परिणाम एकच होतो. तुम्ही अजून बोलताय, म्हणजे अजून घाबरलेले आहात, हे त्याला समजतं. म्हणून पैसे थांबवताना बोलणंही थांबवायचं. शेवटचा निरोपसुद्धा पाठवायचा नाही.

मग तो व्हिडिओ पाठवील का? इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत, अनोळखी टोळी होती आणि माणसाने बोलणं पूर्ण बंद केलं, तिथे काहीही पसरलं नाही. पण काही ठिकाणी पसरलं. एक-दोन जणांना पाठवलं गेलं, तेही अनेकदा दहशत वाढवण्यापुरतं. न पाठवण्यामागे त्यांचा सरळ व्यवहार असतो. पाठवलं की धमकी संपते, ज्याला मिळतं तो तक्रार करतो, खातं बंद पडतं, आणि न देणाऱ्या माणसावर घालवलेला वेळ देणाऱ्या माणसाकडून काढून घेतलेला असतो. पण हे अंदाज आहेत, हमी नाही. महत्त्वाचं हे की पैसे दिल्यानेही हमी मिळत नाही. पैसे देऊनही पसरल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. तेव्हा "पैसे किंवा बदनामी" अशी निवड तुमच्यासमोर नाहीच. थोडी जोखीम दोन्हीकडे आहे, आणि एका बाजूला पैसेही जातात.

बोलणं थांबवल्यावर पहिल्या रात्री काय होतं तेही सांगते, म्हणजे दचकणार नाही. निरोपांचा भडिमार होतो. वेगवेगळ्या नंबरांवरून कॉल येतात. मग एक स्क्रीनशॉट येतो. त्यात तुमच्या ओळखीच्या लोकांचा एक ग्रुप दिसतो आणि त्यात तुमचा व्हिडिओ. हा स्क्रीनशॉट नीट बघा. पुष्कळदा व्हिडिओ खालच्या लिहिण्याच्या चौकटीत असतो, पाठवलेला नसतो. किंवा पाठवून, फोटो काढून, लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलेला असतो. एकाने मला पहाटे तीनला फोन केला होता, "गेलं सगळं, ग्रुपवर टाकलं" म्हणून. आम्ही दोघांनी तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तर त्या ग्रुपमध्ये सदस्य एकच होता, ग्रुप बनवणारा स्वतः. त्या माणसाला पुढच्या दोन दिवसांत आणखी काही निरोप आले, तिसऱ्या आठवड्यात एक आला, मग काही आलं नाही. असा मधूनच येणारा निरोप म्हणजे जुनी यादी पुन्हा चाळून बघणं असतं. त्यालाही उत्तर द्यायचं नाही.

कॉलचा आणखी एक प्रकार आहे. "मी पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्याविरुद्ध मुलीने तक्रार केली आहे, व्हिडिओ काढायचा असेल तर या माणसाशी बोला." कधी तो व्हिडिओ साइटचा अधिकारी असतो, कधी म्हणे त्या मुलीने जीव दिलेला असतो. गणवेशातला फोटो असतो, आवाज दमदार असतो. हा त्याच टोळीतला दुसरा माणूस. व्हिडिओ काढण्यासाठी पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. शंका आली तर फोन ठेवा आणि पोलीस ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे चौकशी करा.

आता पुरावे. ब्लॉक करण्याआधी पुरावे जपायचे, हा क्रम मी स्वतः चूक करून शिकले. सुरुवातीच्या काळात मी सगळ्यांना एकच सांगायचे, आधी ब्लॉक करा. एका मुलीने तसंच केलं. समोरच्याने आपल्या बाजूने सगळे निरोप परत घेतले, खात्याचं नाव बदललं, आणि तक्रार लिहायला बसलो तेव्हा आमच्या हातात तिच्या आठवणीपलीकडे काही नव्हतं. तिच्या प्रकरणातून मी जे शिकले ते तुम्ही आत्ता करा, वीस मिनिटांचं काम आहे. त्या खात्याचं पान उघडा आणि त्याच्या लिंकसह स्क्रीनशॉट घ्या. दिसणारं नाव कधीही बदलता येतं, म्हणून नुसतं नाव पुरत नाही. मग संभाषण अगदी पहिल्या निरोपापासून खालपर्यंत सावकाश सरकवत स्क्रीन रेकॉर्ड करा, तारखा आणि वेळा दिसतील असं. आपोआप नाहीसे होणारे निरोप असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढा, कारण काही ॲप स्क्रीनशॉट घेतल्याचं समोरच्याला कळवतात. पैसे गेले त्या दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, समोरच्याचं खातं किंवा ज्या आयडीवर पाठवले तो आयडी, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. क्रिप्टो असेल तर वॉलेटचा पत्ता. ज्या नंबरांवरून कॉल आले ते सगळे नंबर. हे सगळं फोनबाहेर कुठेतरी, फक्त तुमच्या हाताशी राहील असं ठेवा.

आणि त्याने पाठवलेली व्हिडिओची फाइल डिलीट करू नका. मला माहीत आहे, ती फोनमध्ये आहे या कल्पनेनेच अंगावर काटा येत असेल. बहुतेक जण ती सगळ्यांत आधी पुसतात. पण थोड्या वेळात तिचा एक उपयोग सांगते.

पुरावे झाले की ॲपमध्येच त्या खात्याची तक्रार करा. निरोपावर बोट दाबून किंवा खात्याच्या पानावरून ती करता येते, आणि ब्लॅकमेल, नग्न चित्रांची धमकी असे पर्याय तिथे असतात. व्हॉट्सॲपवर एखाद्या नंबरची तक्रार केली की त्या संभाषणातले शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात, म्हणून धमकीचे निरोप ताजे असतानाच ती करावी. त्यानंतर ब्लॉक करा.

तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटतो. खातं डिलीट करू नका. ते गेलं की संभाषण गेलं, आणि उद्या कोणाला काही आलंच तर तुमच्याशी बोलण्याची जागाही गेली. त्याच्याकडे यादीचे स्क्रीनशॉट आधीच आहेत, त्यामुळे डिलीट करून लपताही येत नाही. काही दिवसांपुरतं तात्पुरतं बंद ठेवणं मात्र चांगलं, पुरावे घेऊन झाल्यावर. मनालाही तेवढी शांतता मिळते. पुन्हा सुरू कराल तेव्हा खातं खासगी करा, मित्रांची यादी लपवा, अनोळखी लोकांचे निरोप बंद करा.

पोलिसांकडे जायचं का, यावर मला बरेच जण विचारतात की "ते आधी मलाच दोष देतील ना?" कोणता अधिकारी भेटेल हे मी सांगू शकत नाही, काही ठिकाणी नको ते प्रश्न विचारले जातात हेही खरं. पण सज्ञान माणसाने खासगी व्हिडिओ कॉलवर काय केलं हा इथे गुन्हा नाही. तो दाखवण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा गुन्हा आहे. तक्रारीत सुरुवात त्या वाक्याने करा: "मला खासगी चित्रफीत पसरवण्याची धमकी देऊन माझ्याकडून दोनदा पैसे घेतले आहेत." बाकी तपशील नंतर. भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर लगेच फोन करा, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करता येते. स्वतःच्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. इतर देशांतून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत एफबीआयचं आयसी-३ हे इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींचं केंद्र, ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर हे ऑनलाइन सुरक्षेचं सरकारी कार्यालय. गुन्हेगार दुसऱ्या देशात असेल तर तो पकडला जाईलच असं नाही, हे आधीच मनाशी धरून जा. तक्रारीचा उपयोग तेवढाच नसतो. पैसे अडवता येतात, खाती बंद होतात, आणि उद्या कुठे काही पसरलंच तर तुम्ही आधीच तक्रार केली होती याची नोंद तुमच्या हातात असते.

आता त्या फाइलचा उपयोग. डिसेंबर २०२१ पासून स्टॉप-एनसीआयआय नावाची एक मोफत सेवा चालू आहे. ब्रिटनमधली रिव्हेंज पॉर्न हेल्पलाइन ती चालवते, पण जगात कुठूनही वापरता येते. १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे. तुम्ही तुमच्याच फोनवर ती फाइल निवडता आणि तिथल्या तिथे तिचा एक डिजिटल ठसा तयार होतो, आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ. फाइल तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त हा ठसा जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे तो पोहोचतो, आणि तशीच फाइल कोणी तिथे टाकायला गेलं तर ती ओळखून अडवता येते. ठशावरून मूळ चित्र परत बनवता येत नाही. मूळ फाइल पुसून टाकली असेल तर मात्र हा ठसा काढता येत नाही, म्हणून मी ती ठेवायला सांगितलं. त्याने पाठवलेली प्रत्येक गोष्ट तिथे टाका, व्हिडिओही आणि त्याचे स्क्रीनशॉटही. शेवटी एक केस नंबर आणि पिन मिळतो, तो जपून ठेवा. ठसे काढून आणि पोलिसांचं काम झालं की फाइल खुशाल पुसा.

या सेवेच्या मर्यादाही आहेत. व्हिडिओ कापून, बदलून टाकला तर ठसा जुळेलच असं नाही. व्हॉट्सॲपसारख्या ठिकाणी दोघांमधले निरोप कंपनीलाही दिसत नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही. सहभागी नसलेल्या साइटवर तर नाहीच. गूगलकडे स्वतंत्र विनंती करून असं चित्र शोधाच्या निकालांतून काढून घेता येतं, मूळ साइटवर ते राहिलं तरी. अमेरिकेत मे २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, संमतीशिवाय टाकलेलं असं चित्र तक्रारीनंतर ४८ तासांत काढणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक केलं आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली खोटी चित्रंही त्यात येतात. हे सगळे अडसर मिळून चांगलं काम करतात, एकेकटा कोणताच पुरा पडत नाही.

आज रात्रीपुरता क्रम असा धरा: कोणाला तरी सोबत घ्या, पुरावे जमवा, १९३० आणि बँक, ॲपमध्ये तक्रार, ब्लॉक, मग ठसे. यातलं शेवटचं उद्या सकाळी केलंत तरी चालेल.

इथपर्यंतचं सगळं मी असं धरून लिहिलं की समोरचा अनोळखी आहे आणि त्याला पैसे हवे आहेत. हे उत्तर आणखी बरेच जण वाचतील, त्यांची परिस्थिती वेगळी असेल, म्हणून थोडं थांबते.

धमकी देणारा ओळखीचा असेल, पूर्वीचा जोडीदार, सहकारी, नात्यातला, तर वरचा सल्ला जसाच्या तसा लागू करू नका. टोळीला तुमचा कंटाळा येतो. ओळखीच्या माणसाला पैशांपेक्षा तुमच्यावर ताबा हवा असतो, आणि अचानक ब्लॉक केल्यावर तो दारात येऊन उभा राहू शकतो. त्याला तुमचं घर, कामाची जागा, येण्याजाण्याच्या वेळा माहीत असतात, कधी तुमचे पासवर्डही. अशा वेळी आधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय करायची, घरच्यांना किंवा मैत्रिणीला सावध करायचं, वेगळ्या फोनवरून पासवर्ड बदलायचे, वकील किंवा पोलिसांशी बोलून घ्यायचं आणि मग संपर्क तोडायचा. तोपर्यंत त्याचे निरोप न उघडता जमा होऊ देणं बरं. एक मात्र सोपं असतं: आरोपी कोण हे माहीत असतं, त्यामुळे पोलिसांना तपासाची सुरुवात करायला जागा असते.

तुम्ही १८ वर्षांखालचे असाल तर आधी एका मोठ्या माणसाला सांगा. आई-बाबा नको वाटत असतील तर मावशी, काका, शाळेतल्या बाई, कोणीही. ते चित्र कोणालाही पाठवू नका, "पुरावा म्हणून" मित्रालाही नाही. अल्पवयीन मुलांच्या अशा चित्रांचे कायदे फार कडक आहेत, चित्र जवळ बाळगणं आणि पुढे पाठवणं दोन्ही त्यात येतं, तेव्हा ते पोलिसांना कसं दाखवायचं हे त्या मोठ्या माणसाला आधी विचारून घेऊ द्या. धमकीचे निरोप मात्र जपा. तुमच्यासाठी वेगळी सेवा आहे, टेक इट डाउन नावाची. अमेरिकेतली एनसीएमईसी ही हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था फेब्रुवारी २०२३ पासून ती चालवते, पद्धत तीच ठशाची. आता सज्ञान असाल पण चित्र १८ च्या आतलं असेल तरी तिथेच जायचं. वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्याचं नावही टेक इट डाउन असंच आहे, घोटाळा होऊ देऊ नका. आणि समोरच्याला पैशांऐवजी आणखी फोटो हवे असतील तर एकही देऊ नका. अशी मागणी करणारा लवकर थांबत नाही. त्याच दिवशी तक्रार करा.

चित्र खोटं, बनवलेलं असेल तरी करायचं ते हेच. "ते मी नाहीच" हे सिद्ध करत बसण्यात वेळ घालवू नका. आणि नुसता ईमेल आला असेल, त्यात तुमचा जुना पासवर्ड लिहून "तुझ्या कॅमेऱ्यातून रेकॉर्ड केलंय, बिटकॉइन पाठव" असं असेल, तर ती थाप आहे. २०१८ पासून असे ईमेल जगभर जातात, पासवर्ड जुन्या डेटाचोरीतून घेतलेला असतो. तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला आणि ईमेल विसरा.

एक सावधगिरी तुमच्यासाठी लगेचची. असा प्रश्न चारचौघांत विचारल्यावर खासगी निरोप येतात, "मी एथिकल हॅकर, त्याच्या फोनमधून व्हिडिओ उडवून देतो." कोणीही तसं करून देऊ शकत नाही. गोड बोलून मोठी फी घेणाऱ्या कंपन्याही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयने त्यांच्याबद्दल वेगळा इशारा दिला होता. पोलीस आणि वर सांगितलेल्या सेवा यांना एक पैसाही लागत नाही.

सगळ्या मित्रांना आधीच सांगून टाकावं का, यावर माझ्या क्षेत्रातही दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, स्वतःच स्टेटस टाका म्हणजे धमकीत दम उरत नाही. मला ते पटत नाही. ज्या चारशे लोकांपर्यंत काहीच जाणार नव्हतं त्यांना आपणच बातमी देतो. त्याने ज्यांची नावं घेतली आहेत त्यांपैकी जवळच्या दोघा-तिघांना सांगावं, एवढंच. वरिष्ठांना आज सांगायची गरज नाही. त्यांच्यापर्यंत खरंच काही गेलं तर एवढंच लिहा: "मला ऑनलाइन ब्लॅकमेल केलं जात आहे, पोलीस तक्रार झाली आहे. अनोळखी खात्यावरून काही आलं असेल तर कृपया उघडू नका, पुढे पाठवू नका." नोकरीच अशी असेल की प्रतिष्ठेचा प्रश्न लगेच उभा राहील, समजा तुम्ही शिक्षक आहात, तर आधी बोलून ठेवणं योग्य. ते तुम्हीच ठरवा.

आणि आता बहीण. "तिच्यासमोर उभा कसा राहू" असं तुम्ही विचारलंत. मी पाहिलेल्या प्रकरणांत ज्यांच्या घरी कळलं, त्यांतल्या बहुतेकांची घरची माणसं पहिल्या तासाला हादरली, काही चिडली. मग जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं: "इतके दिवस एकट्याने का सोसलंस?" सगळीच घरं अशी नसतात हे मला माहीत आहे. तुमच्या ताईचा स्वभाव मला ठाऊक नाही. पण तुमच्या पूर्ण प्रश्नात ज्या एका व्यक्तीचा उल्लेख तुम्ही मायेने केलाय ती तीच आहे. त्याने तिच्या नावाभोवती गोल काढला कारण तिला कळण्याचीच तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती वाटेल असं त्याने ताडलं. तिला तुमच्याकडून कळलं तर त्याच्याकडे त्या नावाचं काही उरणार नाही.

सगळं सांगायची गरज नाही. कॉलवर काय झालं याचं वर्णन नको, माफीचं लांबण नको. एवढं पुरे: "ताई, मी फसलोय. ऑनलाइन एकजण मला ब्लॅकमेल करतोय, कॉलचं रेकॉर्डिंग आहे. दोनदा पैसे दिले, आता देणार नाही, तक्रार करतोय. तुला काही आलं तर उघडू नकोस, डिलीटही करू नकोस, मला सांग. आज रात्री माझ्यासोबत थांब." डिलीट करू नकोस असं सांगायचं कारण, ज्या खात्यावरून ते येईल त्याची तक्रार तिच्या फोनवरून करावी लागेल.

हे नऊच्या आत करा. ती दूर राहत असेल तर फोन करा आणि लाइन चालू ठेवा. जवळ असेल तर पुरावे जमवायला तिलाच शेजारी बसवा, आणि दहा वाजायला आले की तुमचा फोन तिच्या हातात द्या.